निजलेल्या ठेवी आणि जागे राहण्याची जबाबदारी

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या तालुक्यांतील डाळिंबाच्या बागा वर्षातून एकदा मेल्यासारख्या दिसतात. पाने गळालेली, फांद्या उघड्या, बुंध्याशी जमीन भेगाळलेली. परक्या माणसाला वाटावे, बाग गेली. प्रत्यक्षात शेतकऱ्याने बागेला 'ताण' दिलेला असतो. मृग, हस्त किंवा आंबे यांपैकी जो बहार धरावयाचा, त्या बेताने तो पाणी तोडतो. झाडाची वाढ थांबते, अन्नरस फांद्यांत साठून राहतो, आणि पाणी सोडले की थोड्याच दिवसांत झाड फुटून कळी धरते. या ताणालाही हिशेब आहे. हलक्या जमिनीत तो थोडे दिवस द्यावयाचा, भारी काळ्या जमिनीत अधिक. त्याहून लांबला तर फांद्या वाळतात आणि मग कितीही पाणी दिले तरी उपयोग होत नाही. सुप्तावस्था म्हणजे मृत्यू नव्हे. परंतु ती वाटेल तितकी लांबविता येत नाही, आणि ती संपविण्यासाठी कोणीतरी जागे असावे लागते. ही साधी गोष्ट शेतकऱ्याला कळते. देशाचा अर्थव्यवहार चालविणाऱ्यांना ती कळलेली आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

निसर्गाने सुप्ती निर्माण केली ती जिवाच्या रक्षणासाठी. बाभळीच्या बियांचे कवच इतके टणक असते की पहिल्याच पावसाला सारे बी उगवत नाही. शेळ्या शेंगा खातात, त्यांच्या पोटात ते कवच मऊ होते, आणि लेंड्यांबरोबर पडलेले बी लवकर रुजते. अवर्षणाच्या मुलखात सगळे बी एकाच सरीला फसून उगवले असते, तर त्या वाणाचा निर्वंश झाला असता. मात्र झोपलेले बीही फुकट जगत नाही. सोलापूरच्या पठारावर पूर्वी ज्वारी पेवांत साठवीत. बंद पेव उघडल्यावर जाणता माणूस लगेच आत उतरत नसे. आतली हवा कोंदून विषारी झालेली असे आणि घाईने उतरणाऱ्याचा जीव जाई. याचे एक कारण असे की दाणा निजलेला असला तरी श्वास घेत असतो आणि त्यासाठी स्वतःतलेच थोडेथोडे खर्चीत असतो. झोपेचीही किंमत मोजावी लागते. ती कोण मोजतो, हे पाहणे अर्थशास्त्राचे काम आहे.

वैद्यकात हीच अवस्था उलट बाजूने दिसते. येथे निजलेला असतो तो शत्रू. लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या माणसाच्या मज्जातंतूंच्या मुळाशी त्यांचा विषाणू कित्येक दशके पडून राहतो आणि उतारवयात प्रतिकारशक्ती घटली म्हणजे नागीण होऊन बाहेर येतो. क्षयाचे उदाहरण याहून गंभीर आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. तो जंतू शरीरात शिरला म्हणजे रोग झालाच, असे नसते. बहुतेकांच्या शरीरातील रक्षक पेशी त्याला वेढा घालून कोंडतात, आणि तो तेथे वर्षानुवर्षे राहतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरील भारतीयांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांत असा संसर्ग आढळला. उपचार न झाल्यास अशा शंभर जणांपैकी पाच ते दहांना आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग होतो.

ते पाच ते दहा जण कोण असतात? मधुमेह, तंबाखू, एचआयव्ही ही कारणे आहेतच. परंतु भारतात सर्वांत मोठे कारण कुपोषण हे आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना धान्य-डाळींचा पूरक शिधा देऊन प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या कुटुंबांत नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी भरले, आणि फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे सुमारे ४८ टक्क्यांनी. निजलेल्या जंतूला जागविते ती भूक, आणि भूक ही दैवाची नव्हे, समाजरचनेची निर्मिती आहे. शासनानेही हे निदान अंशतः मान्य केले आहे. क्षयरुग्णाला पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देण्याची योजना सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. ही रक्कम रुग्णाच्या बँक खात्यात जमा होते. निजलेला रोग आणि निजलेला पैसा यांची गाठ पडते ती नेमकी येथे.

कारण बँकेतील खातेही झोपते. खातेदाराने दोन वर्षे स्वतःहून कोणताच व्यवहार केला नाही, तर त्याचे बचत वा चालू खाते 'निष्क्रिय' ठरते. दहा वर्षे असेच गेली, तर त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जाते. बँकिंग नियमन कायद्यात नवे कलम घालून हा निधी २०१४ साली स्थापन झाला. त्यापूर्वी असा पैसा बँकांकडेच पडून राही. मार्च २०२३ अखेर या निधीत ६२,२२५ कोटी रुपये होते. मार्च २०२४ अखेर ते ७८,२१३ कोटी झाले. एका वर्षात सुमारे २६ टक्के वाढ! देशातील दुसरी कोणती ठेव इतक्या वेगाने वाढते?

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने मान्य केली पाहिजे. निष्क्रियतेचा नियम मुळात खातेदाराच्या रक्षणासाठी आहे. वर्षानुवर्षे कोणी न पाहिलेल्या खात्यावर अफरातफर करणे सोपे असते. म्हणून त्याला कुलूप घालणे योग्यच आहे. बियाच्या कवचासारखेच ते. रक्कम निधीत गेली तरी ठेवीदाराचा किंवा त्याच्या वारसाचा हक्क संपत नाही, हेही प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे. आक्षेप कुलपावर नाही. कुलूप कोणी उघडावयाचे, आणि ते बंद असेपर्यंत झीज कोणी सोसावयाची, यावर आहे.

प्रथम झिजेचा हिशेब पाहू. निधीत गेलेल्या व्याजी ठेवींवर प्रारंभी ४ टक्के व्याज होते. जुलै २०१८ पासून ते साडेतीन टक्के झाले आणि ११ मे २०२१ पासून ३ टक्के, तेही सरळ व्याज. या दराने १०,००० रुपयांचे दहा वर्षांत १३,००० होतील. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवावयाची, हे तर रिझर्व्ह बँकेपुढील अधिकृत उद्दिष्ट आहे. ते तंतोतंत साधले असे धरले, तरी आज १०,००० रुपयांत येणाऱ्या मालाला दहा वर्षांनी सुमारे १४,८०० रुपये पडतील. म्हणजे सर्व काही ठरल्याप्रमाणे घडूनही निजलेल्या ठेवीचा आठवा हिस्सा नाहीसा होतो. पेवातील दाणा श्वासापायी झिजतो, तो सृष्टिनियम आहे. ही झीज माणसांनी ठरविलेल्या दरातून येते, आणि ती सोसतो तो ठेवीदार.

आता कुलूप उघडण्याचा प्रश्न. या निधीत धनिकांच्याही विसरलेल्या ठेवी असतील. पण त्यांना वकील व हिशेबनीस मिळतात. सोलापुरात पाहू. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. कामगार पोटासाठी पांगले, पत्ते बदलले, कित्येकांनी डोळे मिटले. विडी वळणाऱ्या हजारो स्त्रियांची स्थिती याहून बिकट आहे. विडी उद्योगाला भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९७७ साली लागू झाला. घरी बसून विड्या वळणारी स्त्रीही कामगारच आहे आणि तिला या निधीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घेण्यास १९८५ साल उजाडावे लागले. पुढे १ एप्रिल २०११ पासून, तीन वर्षे वर्गणी न भरलेल्या भविष्यनिर्वाह खात्यांवरील व्याजच बंद करण्यात आले. ते २०१६ साली पुन्हा सुरू झाले. काम सुटले म्हणून वर्गणी थांबली, आणि वर्गणी थांबली म्हणून व्याज थांबले! ज्याच्यावर आधीच आपत्ती कोसळली त्यालाच दंड करणारा हा न्याय पाच वर्षे चालला.

अशा स्त्रीचे माहेरचे तेलुगू नाव कारखान्याच्या नोंदीत एका प्रकारे, सासरचे नाव रेशनकार्डावर दुसऱ्या प्रकारे आणि आधारपत्रावर तिसऱ्या प्रकारे लिहिलेले असले, तर ती एकच बाई आहे हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर पडतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये अशा ठेवी शोधण्यासाठी 'उद्गम' नावाची संगणकीय व्यवस्था सुरू केली. मार्च २०२४ पर्यंत तीत ३० बँका आल्या. ही सोय चांगली आहे. परंतु ज्या वारसांना ठेव आहे हेच ठाऊक नाही, त्यांनी संगणकावर काय शोधावे?

या ठिकाणी क्षयाच्या कार्यक्रमाशी तुलना उद्बोधक ठरेल. क्षयरुग्ण सापडला की आरोग्यसेवकाने त्याच्या घरी जावे, घरातील प्रत्येकाची चौकशी करावी, आणि निजलेला जंतू जागा होण्याआधीच औषध सुरू करावे, अशी पद्धत आखलेली आहे. तेथे रुग्णाने संसर्गाचा पुरावा घेऊन यावे, असे कोणी म्हणत नाही. मग ठेवीदाराच्या घरी बँकेचा माणूस का जाऊ नये? कर्ज थकले तर तीच बँक त्याच पत्त्यावर बरोबर पोहोचते. पत्ता सापडत नाही तो फक्त देणे असताना.

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा बँक गरिबाच्या दारी जाईल असे आश्वासन होते. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेने खाती उघडली खरी. पण डिसेंबर २०२३ मध्ये त्यांतील सुमारे २० टक्के निष्क्रिय असल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२४ रोजी काढलेले आदेश स्वागतार्ह आहेत. निष्क्रिय खात्यावर किमान शिलकीचा दंड लावू नये, खाते पुन्हा चालू करण्यास आकार घेऊ नये, शासकीय योजनांच्या लाभार्थींची शून्य शिलकीची खाती वेगळी ठेवून त्यांना निष्क्रिय ठरवू नये, असे त्यांत म्हटले आहे. तरीही ओळखीची कागदपत्रे नव्याने दिली नाहीत म्हणून खाती गोठतातच. क्षयरुग्णाचे पोषणाचे हजार रुपये अशा गोठलेल्या खात्यापाशी अडले, तर त्याचा परिणाम केवळ हिशेबाच्या वहीत राहत नाही. तो त्याच्या ताटात दिसतो आणि पुढे त्याच्या फुप्फुसात दिसतो.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक शाखेने निष्क्रिय खातेदारांचा शोध घरोघर जाऊन घ्यावा. त्याबाबतची सूचना ग्रामसभेत व वस्तीत, सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही द्यावी. निधीतील ठेवींवरील व्याज निदान महागाईइतके असावे. नावाच्या लेखनातील किरकोळ फरकाखातर लहान रकमा अडवू नयेत. त्या नाकारावयाच्या तर फरक खरोखर वेगळ्या व्यक्तीचा आहे हे संस्थेने दाखवावे. या ठेवींना 'बेवारस' म्हणण्याची प्रथाही सोडावी. वारस आहेत, त्यांना कोणी कळविले नाही, एवढेच.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठार भुकेल्यांना खुले केले, ही कथा या मुलखात घरोघर सांगितली जाते. तिचा आदर करावाच. परंतु लोकशाहीत कोठार उघडणे एखाद्या दामाजीच्या पुण्याईवर सोपवून चालत नाही. ते नियमाने उघडले पाहिजे, आणि नियम तसा होईपर्यंत संघटनेने जागे राहिले पाहिजे. सभासद नोंदणीसाठी कार्यकर्ते दारोदार जातात, तेव्हा त्यांनी आणखी तीन प्रश्न विचारावेत: घरात जुने पासबुक आहे काय, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक कोठे लिहून ठेवला आहे काय, आणि खात्यावर वारसाचे नाव लावले आहे काय. घरात कोणी दीर्घकाळ खोकत असेल, तर चौथा प्रश्न आपोआप सुचेल. प्रत्येक शाखेने अशा उत्तरांची एक वही ठेवली, तरी पुढील मोर्चा बँकेच्या दारात नुसत्या घोषणा घेऊन जाणार नाही. नावे, खाते क्रमांक आणि रकमा घेऊन जाईल.