सामायिक तें एके ठिकाणीं

१ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणे जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा ३६ वा जिल्हा अस्तित्वांत आला, आणि आपलें आशागड व त्यासह डहाणू आणि तलासरी हे तालुके नव्या जिल्ह्यांत गेले. गांव जागचें हाललें नाहीं. बदलला तो केवळ एक शब्द. परंतु तो शब्द जेथें जेथें लिहिलेला होता, तेथें तेथें तो बदलणें प्राप्त झालें. संकेतस्थळें रचूं पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनीं ह्या प्रसंगापासून एक धडा अवश्य घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

समजा, त्या दिवसापूर्वीं कोणी तालुक्यांतील प्रत्येक गांवासाठीं एकेक पान असलेलें संकेतस्थळ रचलें होतें. रचणारानें पहिलें पान लिहिलें व त्याच्याच नकला काढल्या. काम झपाट्यानें उरकलें खरें. परंतु जिल्हा बदलतांच प्रत्येक पान उघडून दुरुस्त करणें आलें. त्यांत कांहीं पानें नजरेंतून सुटावयाचींच. मग एका पानावर ठाणे व दुसऱ्यावर पालघर असें दिसलें, तर मुलाच्या दाखल्यासाठीं अर्ज करणाऱ्या पाड्यावरील पालकानें कोणतें खरें मानावें? रचणाराचे जे श्रम वाचले, ते वाचणाराच्या माथीं आले!

ह्यावर उपाय काय, तें १ मे २००३ रोजीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर पाहावयास मिळतें. तेथें अनेक पानांना लागणारा मजकूर ‘साचा’ म्हणून एकदांच लिहून ठेवतात, व पानावर दुहेरी महिरपी कंसांत त्या साच्याचें नांव तेवढें घालतात. साचा दुरुस्त केला कीं तो वापरणारीं सर्व पानें दुरुस्त होतात. ह्यांत आणखीही एक लाभ साधतां येतो. रंगरूप ठरविणारी सामायिक फाइल वेगळी ठेवली, तर ब्राउझर ती एकदां उतरवून जवळ बाळगतो व पुढील पानासाठीं पुन्हा मागवीत नाहीं. जेथें मोबाइलची रेंज क्षीण असते, तेथें हा लाभ लहान नव्हे.

परंतु हें ऐकून कित्येक उत्साही तरुण दिसेल तें सारें सामायिक करूं लागतात. हेंही तितकेंच घातक होय. दहा पाड्यांची विहीर एक असेल, तर ती गढूळ होतांच दहाही पाड्यांत आजार शिरतो; म्हणूनच पुष्कळ पानांवर वापरले जाणारे साचे विकिपीडियावर सरसकट कोणासही बदलूं देत नाहींत. शाळाप्रवेशाचा अर्ज व वसतिगृहाचा अर्ज आज सारखे दिसतात, म्हणून दोहोंचा कोड एक केला, तर उद्यां एकाचा नियम बदलतांच दुसऱ्यास अपवाद जोडावा लागतो. आणि अपवादांची अशी रास वाढत जाऊन शेवटीं तो कोड कोणासच उमगत नाहीं.

तेव्हां निवड कशी करावी? डेव्हिड पार्नास ह्यांनीं १९७२ सालीं एका निबंधांत असें प्रतिपादन केलें कीं, जो निर्णय पुढें बदलण्याचा संभव आहे, तो एकाच विभागाच्या पोटांत झांकून ठेवावा. आमच्या मतें कसोटी हीच. दोन गोष्टी सारख्या दिसतात कीं नाहीं, हें पाहूं नये. त्या एकाच कारणानें बदलतील काय, हें पाहावें. जिल्ह्याचें नांव, शाळेचें शीर्षक, अनुक्रमणिका, तारीख छापण्याची रीति हीं सामायिक कप्प्यांत असावींत. प्रवेश, निकाल, वसतिगृह ह्यांचे स्वतःचे नियम ज्याच्या त्याच्या कप्प्यांत राहावेत. पानांनीं सामायिक कप्प्याचा आधार घ्यावा. सामायिक कप्प्यानें मात्र कोणत्याही एका पानावर अवलंबून राहूं नये.

विद्यार्थिमित्रहो, नक्कल करण्यास एक क्षण पुरतो, पण ती सांभाळण्यास वर्षे लागतात. पालकांनींही मुलानें किती पानें रचलीं एवढेंच न विचारतां, उद्यां एक शब्द बदलला तर किती ठिकाणीं हात घालावा लागेल, असें त्यास विचारावें. ‘एके ठिकाणीं’ असें उत्तर आलें, तर त्याची विद्या योग्य मार्गानें चालली आहे, असें खुशाल समजावें.