एरर आला... पण वाचला का?

आमच्या होस्टेलमध्ये रात्री अकरानंतर सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं? "मॅगी आहे का गं?" हे दुसऱ्या नंबरवर. पहिला नंबर आहे, "अगं, एरर येतोय!" आणि त्यावरचं ठरलेलं उत्तर म्हणजे, "फोटो पाठव, बघते." मग फोटो जातो. कुणीतरी कुठून तरी एक कमांड शोधून पाठवतं. ती जशीच्या तशी चिकटवायची, एंटर मारायचा, चाललं तर देव पावला. नाही चाललं तर दुसरी कमांड. पी हळद अन् हो गोरी! या सगळ्या धावपळीत एक साधी गोष्ट मात्र कुणीच करत नाही. पडद्यावर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही.

हा लेख मी दुसऱ्यांना नावं ठेवायला लिहीत नाहीये. या बाबतीत सगळ्यांत मोठी गुन्हेगार मीच आहे, आणि माझा गुन्हा घडला तो माझ्या रूममेटच्या लॅपटॉपवर.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी बालवाडीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले (शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी सुधारल्या असतील, त्यांचे आभार). माझी रूममेट परभणीकडच्या एका खेड्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. पहिल्याच महिन्यात आमच्यात एक न बोललेला करार होऊन गेला होता. गणित आणि सर्किट्स तिने समजावून सांगायची, इंग्रजीतलं सगळं मी बघायचं. "तुझं इंग्लिश चांगलंय, तूच बघ," असं ती म्हणायची आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मिनी प्रोजेक्टच्या रिव्ह्यूच्या आदल्या रात्री आमची एक लायब्ररी चालेना. तिला पायथनची नवी आवृत्ती हवी होती आणि तिच्या लॅपटॉपवरच्या उबुंटूमध्ये जुनी होती. मी विचार केला, जुनं काढू, नवं टाकू. सोपं आहे! टर्मिनल उघडलं आणि 'सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन-थ्री' अशी कमांड मारली. पडद्यावर नावांची लांबलचक यादी आली आणि शेवटी प्रश्न आला, पुढे जायचं का? वाय की एन?

ती बाजूलाच बसली होती. म्हणाली, "एवढी मोठी यादी कसली गं? आपल्याला एकच काढायचंय ना?"

मी म्हणाले, "असंच असतं ते." आणि वाय दाबलं.

यादी कसली होती ते आता सांगते. उबुंटूची कितीतरी स्वतःची साधनं पायथनमध्ये लिहिलेली आहेत. पायथन काढायचं तर त्याच्या आधारावर उभं असलेलं सगळं काढावं लागतं, आणि ॲप्ट नेमकं तेच प्रामाणिकपणे सांगत होतं. डेस्कटॉपसुद्धा जाणार, असं त्या यादीत चक्क लिहिलं होतं. लॅपटॉप परत चालू केला तर चित्र नाही, खिडक्या नाहीत. काळा पडदा आणि लॉगिन विचारणारी एक ओळ! तो लॅपटॉप तिच्या वडिलांनी हप्त्यावर घेतला होता. ती मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

फायनल इयरच्या एका ताईने पेन ड्राइव्हवरच्या उबुंटूने मशीन चालू केलं, आधी सगळ्या फाइल्स बाहेर काढल्या आणि मग रात्री अडीचपर्यंत सगळं नव्याने टाकून दिलं. फाइल्स वाचल्या, रिव्ह्यू मात्र गेला. गाइड सरांनी आठ दिवस दिले. जाताना ताई एवढंच म्हणाली, "जुनं काढायचं नसतं गं. नवं शेजारी बसवायचं. सोर्समधून बिल्ड करा, तुमच्या होम फोल्डरमध्ये. कळेल तरी काय होतं ते."

तर मुद्दा इथून सुरू होतो.

सोर्समधून बिल्ड करणं म्हणजे काय? ॲप्टने सॉफ्टवेअर टाकणं म्हणजे मेसचं ताट. शिजवलेलं समोर येतं, आपण जेवायचं. सोर्समधून बिल्ड करणं म्हणजे शिधा घेऊन स्वतः रांधणं. त्याच्या साधारण तीन पायऱ्या असतात. पहिली 'कॉन्फिगर'. ही स्क्रिप्ट आपल्या मशीनवर काय काय आहे ते तपासते. कंपायलर आहे का, अमुक लायब्ररी आहे का, तमुक हेडर फाइल आहे का. डाळ-तांदूळ आहेत का, गॅस आहे का, असं डबे उघडून बघावं तसंच. त्यावरून ती मेकफाइल तयार करते. दुसरी पायरी 'मेक', म्हणजे प्रत्यक्ष स्वयंपाक, सोर्स कोड कंपाईल होतो. तिसरी 'मेक इन्स्टॉल', म्हणजे तयार झालेल्या फाइल्स आपापल्या जागी नेऊन ठेवणं.

मेक हा प्रोग्रॅम १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिला. त्यांच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ एका बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात वाया गेली होती. कोड दुरुस्त झाला होता, पण ती फाइल पुन्हा कंपाईलच केली नव्हती! म्हणून मेक फाइलींच्या वेळा तपासतो आणि जे बदललंय तेवढंच पुन्हा बनवतो. हे वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे बेल लॅब्जमधल्या माणसांच्याही सकाळी अशा जात होत्या तर!

आमचं पहिलं बिल्ड 'मेक इन्स्टॉल'च्या शेवटी आपटलं. झेड-लिब नाही म्हणे. ते शेवटच्याच ओळीत होतं, त्यामुळे मलासुद्धा दिसलं. ते टाकलं, पुन्हा कॉन्फिगर, पुन्हा मेक, आणि या वेळी सगळं सुरळीत! मी उड्या मारल्या. मग आमची लायब्ररी उतरवायला 'पिप' चालवलं तर ते म्हणे एसएसएल मॉड्यूलच नाही. झालं! मी लगेच मोबाइल काढला आणि कमांड शोधायला लागले. म्हणजे रात्री अडीचपर्यंत जागूनही मी काहीच शिकले नव्हते.

ती मात्र टर्मिनल वर वर सरकवत होती. कॉन्फिगरच्या आणि मेकच्या शेकडो ओळी ती बोट ठेवून वाचत होती, अडेल तिथे मोबाइलवर शब्दाचा अर्थ बघत होती. मेकच्या शेवटी येऊन थांबली आणि मला म्हणाली, "ऑप्शनल म्हणजे पर्यायी ना? इथे लिहिलंय, हे पर्यायी मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या गोष्टी सापडल्या नाहीत. आणि खाली नावं आहेत. त्यात एसएसएल आहे बघ."

होतं! साध्या, सरळ इंग्रजीत लिहिलेलं होतं. पायथनचं बिल्ड असंच वागतं. एसएसएल सापडलं नाही म्हणून ते थांबत नाही. त्याच्याशिवाय पूर्ण होतं आणि काय काय राहून गेलं त्याची यादी शेवटी देतं. पुढे कुठे बघायचं तेही सांगतं, 'कॉन्फिग डॉट लॉग' नावाच्या फाइलमध्ये. चौदा वर्षं इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलीच्या डोळ्यांसमोरून ते दोनदा गेलं होतं.

मग पुढचा गोंधळ. ओपन-एसएसएल तर मशीनवर होतं, मग सापडत का नव्हतं? ताईने सांगितलं की लायब्ररी चालवायला लागणाऱ्या फाइल्स वेगळ्या आणि तिच्या आधाराने नवीन काही कंपाईल करायला लागणाऱ्या हेडर फाइल्स वेगळ्या. उबुंटू-डेबियनमध्ये त्या 'डेव्ह' असं शेपूट लावलेल्या वेगळ्या पॅकेजमध्ये मिळतात. जेवायला ताट-वाटी पुरते, रांधायला कढई-झारा लागतो, तसं. 'लिब-एसएसएल-डेव्ह' टाकलं, पुन्हा कॉन्फिगर, पुन्हा मेक. पिप चाललं. प्रोजेक्ट चाललं. उबुंटूचं स्वतःचं पायथन जिथल्या तिथे सुखरूप राहिलं, कारण कॉन्फिगरला 'प्रिफिक्स' देऊन आम्ही नवं पायथन होम फोल्डरमध्ये बसवलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, कशाला एवढा उपद्व्याप? प्लेसमेंटची तयारी सोडून सॉफ्टवेअर रांधत बसायचं? तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मी स्वतः रोज ॲप्टच वापरते, आणि तेच योग्य आहे. स्वतः बिल्ड केलेल्या सॉफ्टवेअरला ॲप्ट अपडेट देत नाही. उद्या त्यात सुरक्षेची खोट निघाली तर दुरुस्ती आपल्यालाच करावी लागते. रोज घरी गिरणी चालवा असं कुणी सांगत नाही. पण इंजिनिअर म्हणवणाऱ्याने जन्मात एकदा तरी दळून बघावं की नाही? नाहीतर चार वर्षं आपण दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणार आणि डिग्रीच्या कागदावर मात्र इंजिनिअर लिहिणार!

आणि हा प्रश्न फक्त आपल्या जर्नलपुरता नाही. आमच्या त्या 'सापडलं नाही'च्या यादीत एल-झेड-एम-ए असंही एक नाव होतं. ते मॉड्यूल एक्स-झेड या कॉम्प्रेशन लायब्ररीवर चालतं. मार्च २०२४ मध्ये याच एक्स-झेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरवाट सापडली. हे करणाऱ्याने दोनेक वर्षं प्रामाणिकपणे काम करून प्रकल्पाचा विश्वास कमावला होता. लबाडी कुठे लपवली होती? टेस्टसाठी ठेवलेल्या फाइल्समध्ये. आणि तिला जागं करणारा तुकडा होता बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये, तोही फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये, गिट रिपॉझिटरीत नाहीच. म्हणजे ज्या कॉन्फिगर-मेकच्या ओळी आपण डोळे झाकून वर जाऊ देतो, तिथेच!

ती पकडली कशी? आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस-क्यू-एलवर काम करणाऱ्या इंजिनिअरच्या लक्षात आलं की एसएसएचने लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण म्हणालो असतो, "असंच असतं ते." त्यांनी "असं का?" विचारलं आणि मुळापर्यंत गेले. ती आवृत्ती लिनक्सच्या मुख्य, स्थिर वितरणांमध्ये पोचायच्या आतच प्रकरण उघड झालं. कुणी म्हणेल की मग सोर्समधून बिल्ड करणं धोक्याचं आहे. मी म्हणेन की न विचारता वाय दाबणं धोक्याचं आहे, मग ते सोर्स असो की ॲप्ट. ओपन सोर्समुळे आपल्याला वाचायचा हक्क मिळतो. आपल्या वतीने वाचायला मात्र कुणी येत नाही.

म्हणून स्टाफरूमपुढे माझी एक नम्र सूचना आहे. पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंग लॅबमध्ये एक प्रॅक्टिकल असं ठेवा की प्रत्येकीने आणि प्रत्येकाने एक सॉफ्टवेअर सोर्समधून बिल्ड करायचं. पायथन जड वाटलं तर 'ग्नू हॅलो' घ्या. तो प्रोग्रॅम एक अभिवादन छापतो आणि ग्नूचं पॅकेज कसं बांधायचं याचा नमुना म्हणूनच तो ठेवलेला आहे. लॅब असिस्टंट सरांनी काळजी करू नये, प्रिफिक्समध्ये होम फोल्डर दिलं की रूट पासवर्ड लागत नाही. आणि ज्यांना इंग्रजीची धास्ती वाटते त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीत आहेत.

दुसरी सूचना त्याहून छोटी. आपल्या जर्नलमध्ये आउटपुटचं पान असतं. ते सगळ्यांचं सारखंच असतं, का ते सरांनाही माहीत आहे आणि आम्हालाही! त्याच्या आधी एक एररचं पान ठेवा. काय एरर आला, त्याचा अर्थ काय लागला, काय केलं. ते पान कुणालाच कुणाचं उतरवता येणार नाही. आणि व्हायवा घ्यायचीच असेल तर त्या पानावर घ्या.

आमच्या खोलीतला करार आता बदललाय. एरर आला की मी आधी तो मोठ्याने वाचते, पहिल्या शब्दापासून, आणि ती अर्थ सांगते. माझं इंग्रजी चांगलं होतं यात शंका नाही. पण मी ते बोलत होते. ती वाचत होती. यादी कसली, हा त्या रात्रीचा एकमेव शहाणा प्रश्न तिनेच विचारला होता आणि चांगल्या इंग्रजीच्या जोरावर मी तो उडवून लावला. त्याबद्दल तिची माफी मी खोलीत कधीच धड मागितली नाही. म्हणून इथे, सगळ्या होस्टेलसमोर मागते.

आणि तुम्ही? आज रात्री एरर येईलच. फोटो काढण्याआधी एकदा वाचून बघा. मॅगी शिजायला लागतो त्याहून जास्त वेळ लागणार नाही!