फौंड्रीतली धूळ: मर्यादा आहे, पण मोजतो कोण?

कुपवाड-मिरज, पलूस, सातारा एमआयडीसीतल्या फौंड्र्यांत आपल्याच गावची पोरं कामाला आहेत. कास्टिंगचा साचा वाळूचा, आणि ती वाळू म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडर मारून काढतात, ते फेटलिंग. सगळ्यात घातक धूळ इथं उडते. डोळ्याला दिसते ती बहुतेक नाका-घशात अडकते. केसाच्या दहाव्या हिश्श्याहून बारीक असते ती थेट फुफ्फुसात उतरते आणि तिथं वण धरतात. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही, आणि काम सोडलं तरी तो वाढू शकतो.

१९४८ च्या कारखाने कायद्यात यासाठी सूत्र होतं: धुळीत क्वार्ट्झ किती टक्के आहे त्यात २ मिळवा आणि त्या आकड्याने १० ला भागा. एक घनमीटर हवेत तेवढे मिलिग्रॅम बारीक धूळ चालेल. धूळ पूर्ण क्वार्ट्झची असेल तर उत्तर येतं साधारण ०.१. अमेरिकेने २०१६ मध्ये मर्यादा ०.०५ केली, म्हणजे निम्मी. (खडी क्रशरवर धुरळा जास्त दिसतो, पण आपल्या काळ्या दगडात क्वार्ट्झ कमी. नुसत्या डोळ्यांनी धोका ठरवता येत नाही, तो असा.)

खरी मेख पुढे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कारखान्यातली मर्यादा आता राज्य सरकारने नियमांत ठरवायची आहे. पण विजेवर चालणारा ‘कारखाना’ म्हणजे पूर्वी १० कामगार, आता २०. फेटलिंगचं काम बाहेरच्या शेडला जॉबवर दिलं जातं. तिथं बारा-पंधरा जण असतील तर ही मर्यादा त्यांना कशी लागू होणार? महाराष्ट्राने आकडा ठरवताना या शेडचाही विचार करायला हवा.

दुसरी अडचण दवाखान्यात. खोकला, धाप, वजन उतरणं बघून टीबीचं औषध सुरू होतं. सिलिकोसिस झालेल्याला टीबी लवकर धरतो हेही खरं, पण मूळ आजार कागदावर येतच नाही. तो नोंद करण्याजोगा व्यावसायिक आजार आहे, डॉक्टरांनी कळवणं बंधनकारक आहे. ईएसआयमध्ये भरपाईही मिळते. राजस्थानने २०१९ च्या धोरणात प्रमाणित रुग्णाला ३ लाख आणि मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपये ठेवले. नोंदच नसेल तर असं काही मागणार कशाच्या जोरावर?

म्हणून एक्स-रे काढताना डॉक्टरांना स्पष्ट सांगा: मी इतकी वर्षं फेटलिंगला आहे. तोंडाला बांधलेल्या रुमालातून ही धूळ आरपार जाते, एन-९५ मास्क मागा. आणि मास्कच्या आधी धूळ ओढून घेणारा पंखा मागा. हवेची शेवटची मोजणी कधी झाली, कामगाराच्या कॉलरला पंप लावून झाली का, हे सुपरवायझरला चारचौघांनी मिळून विचारा. एकट्याने विचारलं तर दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टर कामावर घेत नाही, हे आपल्याला माहीत आहेच.