पेट्रोलचा काटा आणि घरची वही

कचेरीत आम्ही पै-पैचे आकडे जुळवतो. घरच्या वहीत मात्र पेट्रोलचा आकडा जुळत नाही. मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोल लिटरला शंभरीपार गेले, तेव्हा सौ. म्हणाल्या, "अहो, स्कूटर विका, नाहीतर पोरीचा क्लास बंद करा." आम्ही दोन्ही केले नाही. दूध लिटरवरून अर्ध्यावर आणले. गाडी नसलेले शेजारीही सुटले नाहीत. भाजीचा टेम्पो डिझेलवरच येतो.

जगात तेल महागले, असे सांगतात. मग एप्रिल २०२० मध्ये कच्चे तेल मातीमोल झाले, तेव्हा काय झाले? मार्च आणि मे २०२० मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क वाढवले; पेट्रोलवर ते लिटरमागे सुमारे ३३ रुपये झाले. राज्याचा व्हॅट वेगळाच. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये मिळून १३ रुपये कमी केले. आमचे दूध अर्ध्यावरच राहिले.

प्राप्तिकर मिळकत पाहून लागतो. हा कर शिपायाला आणि साहेबाला सारखाच. बंधू-भगिनींनो, नुसते चरफडून काय होणार? पंपाची पावती जपा, महिन्याचा हिशेब मांडा आणि मते मागायला येणाऱ्यापुढे ती वही ठेवा.