पेपर फुकट आहेत, शेजारी बसणारं माणूस हवंय

गेल्या ऑगस्टमध्ये माझी खाला तासगाव तालुक्यातल्या तिच्या गावाहून मिरजेला आली, ती एक जाडजूड फाईल घेऊन. नवोदय परीक्षेचा 'हमखास यश' देणारा संच होता तो. साडेतीन हजार रुपये भरून एका क्लासमधून आणला होता. खालू टेम्पो चालवतात. हप्ता थकवून त्यांनी पैसे दिले होते. मी पानं उलटत गेले आणि कसंनुसं झालं. सुरुवातीची कितीतरी पानं नवोदय विद्यालय समितीच्या माहितीपत्रकातून जशीच्या तशी झेरॉक्स केलेली होती. ते माहितीपत्रक समितीच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट मिळतं, आणि त्यात प्रत्येक प्रकारच्या प्रश्नाचा नमुना असतो.

खालाची चूक नव्हती. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. घरात पदवीपर्यंत शिकलेली मी एकटी, आणि मीही सांगितलं नव्हतं. हा लेख त्या अपराधी भावनेतून लिहिते आहे.

आपल्या भागात या परीक्षा काही लांबच्या नाहीत. सांगली जिल्ह्याचं नवोदय पलूसला आहे, साताऱ्याचं खावलीला. देशातली पहिली सैनिक शाळा 23 जून 1961 रोजी सुरू झाली ती साताऱ्यातच, आणि 2021 पासून सर्व सैनिक शाळांत मुलींनाही सहावीत प्रवेश मिळतो. सैनिक शाळेची फी मोठी आहे. शिष्यवृत्त्या आहेत, त्या उत्पन्न बघून. नवोदयमध्ये मात्र राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं मोफत. नववीपासून काही विद्यार्थ्यांकडून विकास निधी घेतात, पण मुलींना तोही माफ. तरी मोहल्ल्यात विचारा, किती जणांनी अर्ज भरला? अर्ज भरायलाही पैसे लागत नाहीत.

नियम नीट माहीत नसले की किती नुकसान होतं, त्याची दोन उदाहरणं देते. नवोदयची सहावीची परीक्षा मूल पाचवीत असतानाच, आयुष्यात एकदाच देता येते. पुढच्या वर्षी बघू म्हणालात की संपलं. दुसरं, एका विद्यालयात सहावीला कमाल 80 जागा. त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण मुलांसाठी, आणि ग्रामीण म्हणवून घ्यायला तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. आपली बरीच वस्ती मिरज, सांगली, कराड, सातारा अशा शहरांत. म्हणजे आपल्या मुलांची स्पर्धा जास्तीत जास्त 20 जागांसाठी, आणि त्या जागांवर गुणवत्तेनं ग्रामीण मुलंही येऊ शकतात. गावातलं मूल पाचवीला 'चांगल्या' शाळेसाठी शहरात आणून ठेवणाऱ्या पालकांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं. एक तृतीयांश जागा मुलींच्या आहेत, हेही.

आता साहित्य. पेपर 100 गुणांचा, 80 प्रश्नांचा, दोन तासांचा. त्यातले 40 प्रश्न, म्हणजे 50 गुण, मानसिक क्षमतेचे: वेगळी आकृती शोधा, आरशातली प्रतिमा ओळखा, घडी घालून भोक पाडलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल ते सांगा. अंकगणिताचे 20 प्रश्न, भाषेचे 20. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

आमच्या गल्लीतला एक मुलगा उर्दू माध्यमात शिकतो. त्याचे अब्बा म्हणाले, "बेटी, उर्दूत गाईडच मिळत नाही, कशाला बसवू?" परीक्षा उर्दूतून देता येते, पण बाजारातली पुस्तकं बहुतेक मराठी नाहीतर इंग्रजी, ही अडचण खरी आहे. तरी पेपर उलगडून पाहिला तर ती अर्धीच उरते. आकृत्यांना माध्यम नसतं. मराठी पुस्तिकेतली आकृती उर्दू शाळेतल्या मुलालाही तेवढीच कळते. वरची सूचना आपण तोंडी सांगायची. गणितासाठी बालभारतीची उर्दू पुस्तकं ई-बालभारतीवर मोफत आहेत. भाषेच्या भागात उतारे वाचून उत्तरं द्यायची असतात. त्याला गाईड कशाला? पाठ्यपुस्तकातला न शिकवलेला धडा घ्या, उर्दू वर्तमानपत्रातली बातमी घ्या, त्यावर पाच प्रश्न आपणच काढा. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी 'किशोर' मासिकाचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात.

सैनिक शाळेच्या परीक्षेच्या मागच्या काही प्रश्नपत्रिका परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावर आहेत. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद संकेतस्थळावर ठेवते, मराठीत आणि उर्दूतही. त्यातला बुद्धिमत्तेचा भाग नवोदयच्या सरावाला उपयोगी पडतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'लीक पेपर'च्या आणि चोरून स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या पीडीएफची गरजच नाही. त्यांतल्या कितीतरी उत्तरसूची चुकलेल्या असतात, आणि मूल चुकीचं शिकून बसतं.

मग कमी काय आहे? मोबाइल घरोघरी आहे, पीडीएफ फुकट आहे. कमी आहे ते शेजारी बसणारं माणूस. दहा वर्षांचं मूल एकटं पेपर सोडवून, उत्तर ताडून, चूक कुठे झाली ते शोधू शकत नाही. क्लासवाले विकतात ते खरं तर हेच: घड्याळ लावून समोर बसणं. ते काम आपण करू शकतो. बारावी झालेला कुणीही करू शकतो.

काही मित्र म्हणतात, 80 मुलांच्या शाळेमागे धावण्यापेक्षा सगळ्या शाळा सुधारा. बरोबर आहे. झेडपीच्या आणि नगरपालिकेच्या उर्दू शाळांत शिक्षक मागणं सोडायचं नाहीच. पण पाचवीतलं मूल आपल्या आंदोलनाच्या निकालापर्यंत पाचवीत थांबत नाही. आणि हा सराव वाया जात नाही. आठवीत एनएमएमएस परीक्षा असते. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12 हजार रुपये मिळतात. तिथेही निम्मा पेपर बौद्धिक क्षमतेचाच.

वसतिगृहाची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका. खालाही म्हणाली होती, "बच्ची को होस्टेल में कैसा छोडने का?" अशा वेळी भाषण देऊ नये, शाळा दाखवावी, तिथे शिकलेल्या मुलीच्या आईशी गाठ घालून द्यावी. आपल्या मातीला वसतिगृह नवं नाही. शाहू महाराजांच्या पाठबळानं कोल्हापुरात 1906 साली मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. कर्मवीर भाऊरावांनी 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना एका वसतिगृहात ठेवलं. तेव्हाच्या आयांनाही भीती वाटलीच असणार.

माझ्या मावसबहिणीबरोबर मी सप्टेंबर ते जानेवारी दर रविवारी बसले. तासगावची एसटी, दोन पेपर, ओएमआरच्या झेरॉक्स, निळं बॉलपेन. निकालात तिचं नाव आलं नाही. आम्ही उशिरा सुरू केलं होतं. चौथीतच बसायला हवं होतं. ती दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "बाजी, शिष्यवृत्तीचे पेपर कधी आणणार?"

यंदा आमच्या जमातखान्यात रविवारी जोहरनंतर दोन तास चौथी-पाचवीची अकरा मुलं बसतात. त्यात शेजारच्या गल्लीतली दोन मराठा आणि एक मातंग घरातलं मूल आहे. खर्च फक्त झेरॉक्सचा. तुमच्या मोहल्ल्यात चौथीची मुलं किती आहेत, एवढं या आठवड्यात मोजा. मग एक पेपर डाउनलोड करा, आणि एकाच्या शेजारी जाऊन बसा.