मागून येणारी ‘टक्’

भगिनींनो, कुकरची शिट्टी बिघडली की आपल्या कानाला लगेच कळतं. मग गाडीचं दुखणं का कळू नये? ज्यांच्या घरी ईको आहे त्यांच्यासाठी हे सांगते. तिचं इंजिन पुढे, पण जोर मागच्या चाकांना. मधे लांब शाफ्ट. त्याच्या सांध्याला गॅरेजवाले ‘क्रॉस’ म्हणतात.

क्लच सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना एकदाच ‘टक्’ झालं, तर आधी क्रॉस तपासून घ्यावा. वेगाबरोबर चढणारी घूंघूं असेल, तर डिफरन्शियल किंवा चाकाचं बेअरिंग. नुसत्या खड्ड्यात खडखडलं, तर बुश नाहीतर शॉक ॲब्सॉर्बर. चाकाच्या फेऱ्यागणिक ठोका पडला, तर मात्र गाडी तिथेच थांबवून चाकाचे नट पाहावेत.

जुलै २०१८मध्ये वसई-नालासोपाऱ्यात पाणी तुंबलं होतं, तशा पाण्यात गाडी उभी राहिली, तर डिफरन्शियलचं तेल दाखवायला सांगा. दुधाळ दिसलं की पाणी शिरलं समजा; तेल बदलून घ्या.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कुणीही शिरू नये बरं का! आवाज केव्हा येतो एवढं कागदावर लिहून गॅरेजात द्या. म्हणजे नको ते काम निघणार नाही. क्रॉसचा खर्च थोडका. पण धावत्या गाडीत शाफ्ट निखळला, तर जिवावर बेतेल.