दाखला नको, रुजवात हवी

कुर्डुवाडी जंक्शनच्या फलाटावरील घड्याळात दुपारचे बारा वाजतात, तेव्हा त्या गावचा सूर्य माथ्यावर यावयास सरासरीने आणखी सुमारे २८ मिनिटांचा अवकाश असतो. कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरलेली असून कुर्डुवाडी त्याच्या सुमारे सात अंश पश्चिमेस वसलेली आहे. १९०६ च्या जानेवारीत ही प्रमाणवेळ अमलात येण्यापूर्वी घोटाळा याहून मोठा होता. हिंदुस्थानातील रेल्वेचा कारभार मद्रासच्या वेळेने चाले. मुंबई शहराला आपल्या स्वतंत्र वेळेचा अभिमान सोडवत नसे. आणि १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची जी गाडी येथून बार्शीस धावू लागली, तिची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचा दिवस मात्र सूर्यावरच चाले. मद्रासचे घड्याळ त्याच्या सूर्याच्या सुमारे १९ मिनिटे पुढे, तर मुंबईचे सुमारे १० मिनिटे मागे.

यांपैकी खरी वेळ कोणती, या प्रश्नाला कचेरीतील उत्तर सोपे आहे : सरकारी हुकमाने जी ठरेल ती. परंतु हुकमाने ठरते ते केवळ मिनिटांचे नाव. मद्रास, मुंबई आणि कुर्डुवाडी यांच्या वेळांतील अंतर बेरीज-वजाबाकीने मिटवता येते, या विश्वासाच्या बुडाशी आणखी एक विश्वास दडलेला असतो, तो असा की, घड्याळे कशीही लावा, अखिल विश्वात ‘आत्ता’ एकच असतो. १६८७ साली न्यूटनने याच समजुतीला आपल्या ग्रंथात निरपेक्ष काल म्हणून सनद दिली, आणि पुढे दोन शतकांहून अधिक काळ भौतिकशास्त्राने त्या सनदेची तहकीकात केली नाही.

ती तहकीकात सुरू झाली ती तत्त्वज्ञानाच्या अंगाने. दूरदूरच्या ठिकाणांचे रेखांश तारायंत्राच्या साहाय्याने निश्चित करण्याच्या कामाशी ज्याचा निकट परिचय होता, त्या प्वाँकारेने १८९८ साली असे विचारले की, दोन दूरच्या घटना एकाच वेळी घडल्या, असे आपण म्हणतो ते कशाच्या आधारावर? बर्न येथे मित्रांसह ह्यूम, माख आणि प्वाँकारे यांचे ग्रंथ वाचणाऱ्या आइन्स्टाइनने १९०५ साली त्या प्रश्नाचा निकाल लावला. कुर्डुवाडीवरून न थांबता जाणाऱ्या एखाद्या गाडीच्या दोन्ही टोकांवर विजा पडल्या, आणि फलाटावर त्या दोन जागांच्या बरोबर मध्ये उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही प्रकाश एकाच क्षणी दिसले, तर तो त्या विजा एकसमयी पडल्या असे म्हणेल. गाडीच्या मध्यावर बसलेला प्रवासी मात्र पुढच्या प्रकाशाकडे सरकत असल्याने तो प्रकाश त्याला आधी भेटतो. आणि प्रकाशाचा वेग त्यालाही तोच आढळत असल्यामुळे पुढची वीज आधी पडली, असेच त्याने म्हटले पाहिजे. दोघांच्या जबान्या परस्परविरुद्ध, आणि तरी दोन्ही खऱ्या. मुंबई-मद्रासच्या तंट्यासारखा हा तंटा हुकमाने मिटणारा नव्हे. येथे विश्वाचा एकमेव ‘आत्ता’च निकालात निघाला. ही केवळ पंडितांची चर्चा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या भ्रमणध्वनीतील नकाशाचा विचार करावा : ज्या उपग्रहांच्या आधारे तो नकाशा चालतो, त्यांची घड्याळे जमिनीवरील घड्याळांहून दररोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, आणि सापेक्षतावादानुसार ती दुरुस्ती केली नाही, तर दिवसभरात कित्येक किलोमीटरांची चूक साचेल.

आता आपल्या घरच्या तत्त्वज्ञानाकडे वळू. कणादाच्या वैशेषिक दर्शनाने काल हे एक स्वतंत्र, नित्य आणि सर्वव्यापी द्रव्य मानले, आणि त्याच्या अनुमानाच्या खुणा सांगताना आधी-नंतर, विलंब-शीघ्रता यांच्याबरोबर एकसमयतेचीही गणना केली. या सूक्ष्मदृष्टीचा आदर वाटल्यावाचून राहत नाही. परंतु आधुनिक भौतिकशास्त्राचे सारे शोध आपल्या दर्शनांत आधीच नमूद आहेत, असा दाखला देत हिंडणाऱ्या मंडळींनी ध्यानात घ्यावे की, या मुद्द्यावर भौतिकशास्त्राने वैशेषिकांच्या विरुद्ध निर्णय दिला आहे. यात कणादाची मानहानी नाही. त्याचे विधान इतके नेमके होते म्हणूनच ते खोटे ठरू शकले. जे वाटेल त्या सिद्धांताशी जुळते असे सांगितले जाते, त्याने वस्तुतः काहीच सांगितलेले नसते.

उलटपक्षी, तत्त्वज्ञानाचा धाक भौतिकशास्त्राला नेहमी हितकारकच ठरतो, असेही नाही. निरपेक्ष अवकाशावर कठोर टीका करून ज्याने आइन्स्टाइनची वाट मोकळी केली, त्याच माखने, अनुभवास न येणाऱ्या वस्तू मानू नयेत, या आपल्या तत्त्वापायी परमाणूंचे अस्तित्व नाकारले. आणि तेथे पेरँच्या प्रयोगांनी त्याच्याविरुद्ध कौल दिला. तरीही माखचा दुसरा विचार, की वस्तूचे जडत्व दूरस्थ विश्वातील द्रव्यामुळे असते, निष्फळ ठरला नाही : कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्यासह १९६४ साली मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत याच विचाराला गणिताचे रूप देण्याचा प्रयत्न होता. त्या सिद्धांताला बहुसंख्य शास्त्रज्ञांची मान्यता लाभली नाही, हे खरे. पण एका तात्त्विक शंकेला समीकरणांच्या कठड्यात उभे करण्याचे धैर्य त्यात होते, आणि दोन्ही शास्त्रांचा खरा व्यवहार असाच चालतो.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, तत्त्वज्ञानाने भौतिकशास्त्राला आशीर्वाद देऊ नये आणि त्याच्याकडून प्रशस्तिपत्रही मागू नये; दोघांनी एकमेकांच्या दप्तरांची रुजवात घ्यावी. आमच्या महाविद्यालयांत मात्र विज्ञानशाखेचा विद्यार्थी एकसमयतेचा अर्थ न विचारता सापेक्षतावादाची उदाहरणे सोडवतो, आणि कलाशाखेचा विद्यार्थी प्रयोगशाळेची पायरी न चढता वैशेषिकांचे पदार्थ पाठ करतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शाखांमधील भिंती ओलांडण्याची मुभा दिली आहे; तिचा उपयोग सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांनी एका लहानशा उपक्रमापासून करावा. दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून कणादाने दिलेल्या कालाच्या खुणा आणि आइन्स्टाइनच्या १९०५ च्या निबंधातील एकसमयतेवरचे पहिले प्रकरण ओळीने वाचून घ्यावे. त्या प्रकरणास शालेय गणितापलीकडे काहीही लागत नाही. आपण गृहीत धरलेल्या गोष्टीचा खुलासा स्वतःकडेच मागण्याची तयारी तेवढी लागते.